तक्रार भरपूर, पुरावा कुठे?

एखादा मुस्लिम तरुण पंधरा-अठरा वर्षांनी निर्दोष सुटला की आपल्याकडे पुढे काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा फोटो मोबाइलवर फिरतो. खाली एक ओळ असते, 'याची गेलेली वर्षं कोण परत देणार?' आपण फोटो पुढे पाठवतो, स्टेटसला ठेवतो, दोन दिवस हळहळतो. तिसऱ्या दिवशी दुसरा विषय येतो आणि फोटो खाली सरकतो.

त्या हळहळीत खोटं काही नाही. पण ती कोर्टात दाखल करता येत नाही, विधिमंडळात मांडता येत नाही आणि पुढची चुकीची अटक तिने थांबत नाही. अन्याय झाला असं वाटणं वेगळं. तो कोणत्या टप्प्यावर झाला, कसा झाला, किती जणांवर झाला हे दाखवून देणं वेगळं. पहिलं काम आपण जोरात करतो. दुसरं काम विद्यापीठांतल्या कायद्याच्या विभागांचं आहे. देशात मोजक्या ठिकाणी ते नेटाने झालं आणि त्यामुळे फाशीच्या कोठडीतली माणसं जिवंत घरी परतली. आपण मात्र त्या कामापासून लांब आहोत. आपल्या शहरातल्या विधी महाविद्यालयाला त्याबद्दल जाब विचारायचंही आपल्याला सुचत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. माझ्या धंद्यात 'सिस्टिम बिघडली आहे' असं ओरडणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. कधी बिघडली, काय केल्यावर बिघडली, किती वेळा, लॉगमध्ये काय दिसतं, हे विचारतात. उत्तरं असतील तर दुरुस्ती होते, नसतील तर तक्रार बंद करून टाकतात. न्यायव्यवस्थेबद्दलच्या आपल्या बहुतेक तक्रारी अशाच बंद होतात, कारण तिचा लॉग आपण ठेवत नाही.

३७३ माणसांशी बोलून काय झालं?

२०१३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात डॉ. अनुप सुरेंद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली एक काम सुरू झालं. प्रश्न साधा होता. भारतात फाशीची शिक्षा झालेली माणसं आहेत तरी कोण? घरची परिस्थिती काय, शाळा किती झाली, वकील कोण होता, अटकेनंतर काय घडलं? फाशी असावी की नसावी यावर भाषणं करणारे पुष्कळ होते, पण फाशी कुणाला होते याचं एकत्रित चित्र कुणापाशीच नव्हतं.

कायद्याचे विद्यार्थी राज्याराज्यांतल्या तुरुंगांत गेले. कैद्यांशी बोलले, मग त्यांच्या घरी जाऊन आईबापांशी, बायकामुलांशी बोलले. त्या वेळी फाशीची शिक्षा झालेले ३८५ कैदी होते. त्यांपैकी ३७३ जणांची माहिती या मुलाखतींतून गोळा झाली. मे २०१६ मध्ये 'डेथ पेनल्टी इंडिया रिपोर्ट' दोन खंडांत आला.

त्यातले काही आकडे पाठ करून ठेवावेत असे आहेत. ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले. ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक. २३ टक्के कधी शाळेतच गेले नव्हते. पोलीस कोठडीत काय झालं यावर जे बोलले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी छळ झाल्याचं सांगितलं. आणि सगळ्यांत धक्कादायक आकडा असा की, २००० सालानंतरच्या पंधरा वर्षांत सत्र न्यायालयांनी दिलेल्या ज्या फाशींचा शेवटपर्यंत माग काढता आला, त्यांतल्या फक्त ४.९ टक्के कायम राहिल्या. सुमारे ३० टक्के माणसं वरच्या कोर्टांत चक्क निर्दोष ठरली.

हा आकडा पुन्हा वाचा. ज्यांना खालच्या कोर्टाने 'याला जगूच देऊ नये' म्हटलं, त्यांतल्या जवळजवळ दर तिसऱ्या माणसाला वरच्या कोर्टाने दोषीच मानलं नाही. एखाद्या कारखान्यातला माल या प्रमाणात परत येऊ लागला तर तो कारखाना महिनाभरात बंद होईल.

आता या कामाचा उपयोग काय झाला ते पाहा. अहवाल छापून व्हायच्या आधीच त्याची माहिती न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगापुढे गेली. ऑगस्ट २०१५च्या २६२व्या अहवालात आयोगाने, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून, बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. विद्यापीठातला गट पुढे 'प्रोजेक्ट ३९-ए' या नावाने काम करत राहिला. मोफत कायदेशीर मदतीची हमी देणारा संविधानाचा अनुच्छेद ३९-अ, त्यावरून हे नाव. त्यांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ६० माजी न्यायाधीशांच्या मुलाखतींवरचा अभ्यास काढला आणि २०२१ मध्ये फाशीच्या कैद्यांच्या मानसिक आरोग्यावरचा.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या 'मनोज' खटल्यात सांगितलं की फाशी देण्याआधी खालच्या कोर्टाने आरोपीचं घर, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं यांची माहिती मागवलीच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा सगळा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला गेला. कैद्याच्या आईशी झोपडीत बसून बोलणारा विद्यार्थी आणि दिल्लीतलं घटनापीठ यांच्यामध्ये एक वाट तयार झाली. कुठलाही मोर्चा न काढता.

नाशिक आणि पुणे

ही दूर दिल्लीतली गोष्ट नाही. आपल्याच राज्यातली दोन प्रकरणं घ्या.

२००३ मधल्या एका खून-बलात्काराच्या गुन्ह्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सहाच्या सहा जणांना फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. साक्षीदार महिलेने पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्या माणसांचा तपासच झाला नव्हता. हा कागद पहिल्या दिवसापासून प्रकरणात होता. तो नीट वाचला जायला सोळा वर्षं लागली.

दुसरं प्रकरण पुण्यातलं, १९९४ मधलं. एकाच घरातल्या सात जणांच्या खुनासाठी राजस्थानातून आलेल्या एका मुलाला फाशी झाली. प्रोजेक्ट ३९-एने त्याचं प्रकरण हाती घेतलं आणि त्याच्या वयाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गावच्या शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख तपासली गेली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्याच्या नजरेत बालक. तोवर तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता. एवढ्या वर्षांत कुणी तरी ते रजिस्टर उघडून बघायला हवं होतं. ते कायद्याच्या अभ्यासकांनी केलं.

या सात जणांत एकही मुस्लिम नव्हता. हे मुद्दाम सांगतोय. 'आमच्यावर अन्याय होतो' हे वाक्य आपण फार पटकन म्हणतो आणि त्यातलं 'आम्ही' फार लहान करून टाकतो. अहवालातल्या ७६ टक्क्यांत दलित आहेत, आदिवासी आहेत, ओबीसी आहेत, आपणही आहोत. गरीब, शाळा सुटलेला, वकील न परवडणारा माणूस हा त्या कोठडीचा खरा रहिवासी आहे. आपली लढाई त्याच्यापासून वेगळी काढली तर ती दुबळी होते, आणि खोटीही.

जिथे आपला आकडा मोठा आहे

तरीही एक कप्पा असा आहे की तिथे आपल्याकडे पाहूनच बोलावं लागतं. त्या अहवालात दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी फाशी झालेले ३१ कैदी होते. त्यांपैकी २९ जण अनुसूचित जाती-जमातींचे किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. गुजरातमध्ये फाशीच्या १९ कैद्यांपैकी १५ मुस्लिम होते. विधी आयोगाने फाशी रद्द करायला सांगितली ती नेमका हाच कप्पा बाजूला ठेवून.

या कप्प्यात सगळेच निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. तसं कुणी म्हणू नये. बॉम्बस्फोटात मेलेली माणसं खरी असतात, त्यांची घरं खरी असतात. पण याच कप्प्यात चुकांची किंमत सर्वांत मोठी आहे. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात तिघांना फाशी झाली होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष ठरवलं आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६च्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातला एक जण २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, मात्र सुटलेल्यांनी तुरुंगात परतायची गरज नाही.

चुकीचा माणूस पकडला गेला तर दोन घरांवर अन्याय होतो. एक त्या माणसाचं आणि दुसरं स्फोटात मेलेल्याचं, कारण त्याचा खरा मारेकरी मोकळा राहतो. हे वाक्य आपण स्फोटात माणसं गमावलेल्या कुटुंबांसमोर बसून म्हणू शकलो पाहिजे. ते म्हणायला हातात कागद लागतो.

याच खटल्यातून २०१५ मध्येच निर्दोष सुटलेल्या मुंबईच्या एका शाळाशिक्षकाने तुरुंगात बसून कायद्याचं शिक्षण घेतलं आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. नऊ वर्षं गजाआड काढलेला माणूस स्वतःच्या प्रकरणाचा अभ्यासक झाला. आपण मोकळे आहोत, घरी इंटरनेट आहे, आणि आपल्याला वेळ नाही.

संशोधन आपल्या बाजूने बोलेलच असं नाही

इथे एक कडू घोट घ्यावा लागेल. अर्थशास्त्राच्या काही अभ्यासकांनी २०१० ते २०१८ या काळातल्या ई-कोर्टच्या लाखो फौजदारी प्रकरणांची छाननी केली. नावांवरून न्यायाधीश आणि आरोपी हिंदू की मुस्लिम हे संगणकाकडून ओळखून घेतलं आणि तपासलं, की मुस्लिम आरोपीला मुस्लिम न्यायाधीश मिळाला तर तो सुटण्याची शक्यता वाढते का? उत्तर आलं, नाही. फरक जवळपास शून्य.

आपल्या गल्लीतल्या गप्पांना हे उत्तर आवडणार नाही. काही जण म्हणतील, अभ्यासच विकला गेला आहे. पण नीट पाहिलं तर हे उत्तर आपल्या फार उपयोगाचं आहे. न्यायाधीशाचं नाव बघून निकाल फिरत नसेल, तर शोध खटल्याच्या आधी घ्यायला हवा. कोण पकडलं जातं? पहिल्या रिमांडला वकील असतो का? जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून कोण आत राहतं? या अभ्यासाने व्यवस्था निष्पक्ष आहे असं म्हटलेलं नाही. कुठे शोधू नका, एवढंच सांगितलं आहे. बग शोधणाऱ्याला हेही मोलाचं असतं.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते. त्या काळात राज्याच्या तुरुंगांत त्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तेव्हा राज्यातल्या मुस्लिम कैद्यांशी बोलून अभ्यास केला. टोळ्यांशी, दहशतीशी ज्यांचा संबंध नाही अशी, गरिबी आणि अर्धवट शाळा यांतून आलेली माणसंच त्यांत बहुसंख्य निघाली. त्या अहवालातल्या शिफारशींचं पुढे काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांनी माहितीच्या अधिकारात विचारलं? प्रश्न विचारायचा खर्च दहा रुपये आहे.

एका शब्दाची ताकद

कायद्याचा अभ्यास म्हणजे फक्त मुलाखती आणि आकडे नव्हेत. वाचणं हेही संशोधनच आहे. शाहबानो निकालानंतर १९८५-८६ मध्ये आपल्या समाजाने रस्ते भरून टाकले. सरकारने १९८६ चा कायदा केला. सगळ्यांनी धरून चालले की आता तलाकशुदा बाईला इद्दतपुरतेच पैसे. मोर्चेवाले खूश, सुधारणावाले निराश.

मग काही वकिलांनी आणि न्यायाधीशांनी कायद्याचं कलम ३ शांतपणे वाचलं. त्यात नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' करून द्यावी असं लिहिलं होतं. मुदतीत द्यावी, मुदतीपुरती नव्हे. म्हणजे पैसे त्या काळात द्यायचे, पण तरतूद पुढच्या आयुष्याची करायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये असाच अर्थ लावला. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ती याचिका दानियल लतिफी यांची होती. शाहबानोचे वकील तेच होते. लाखोंच्या मोर्च्यांनी बाईच्या हातून जे काढून घेतलं असं सर्वांना वाटत होतं, ते एका शब्दाच्या नीट वाचनाने तिला परत मिळालं.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. माथेरानला जन्मलेले आसफ फैजी १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये आलं आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्यांच्याआधी त्याच खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एकाच महाविद्यालयात, पाठोपाठ. महाराष्ट्रातल्या मुस्लिम मुलामुलींना हा वारसा कुणी सांगत नाही. त्यांना सांगतात, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.' पण गरीब ती पायरी स्वतःहून चढत नाही, त्याला बेड्या घालून चढवतात. शहाणा खाली उभा राहिला तर त्याच्यासोबत वर जाणार कोण?

महाविद्यालयांनीही उत्तर द्यावं

दोष फक्त आपला नाही. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं, पुण्याचं आयएलएस १९२४ पासूनचं. जिल्ह्याजिल्ह्यांत इतर महाविद्यालयं आहेत ती वेगळीच. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाने कायदेशीर मदत केंद्र चालवणं बंधनकारक आहे. म्हणजे कागदोपत्री प्रत्येक शहरात मोफत सल्ल्याची एक खोली आहे.

एका महाविद्यालयातली अशी खोली मी पाहिली आहे. दारावर पाटी होती, दाराला कुलूप होतं, आत क्रीडा साहित्य ठेवलेलं होतं. त्याच आठवड्यात तिथे राष्ट्रीय परिसंवाद होता. नोंदणी शुल्क भरा, निबंध पाठवा, प्रमाणपत्र घ्या. मोहल्ल्यातला एकही माणूस सभागृहात नव्हता आणि एकाही निबंधात शहरातल्या तुरुंगाचं नाव नव्हतं. संशोधन म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीचे गुण आणि विद्यार्थ्याच्या बायोडाटातली एक ओळ, असं ठरून गेलं असेल तर त्या पाटीचा उपयोग काय?

दुसरी भिंत भाषेची. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा फक्त इंग्रजीत होते. फी मध्यमवर्गीय बापालाही घाम फोडणारी. फाशीच्या कैद्यांनी आपली कहाणी आपापल्या बोलीत सांगितली, अहवाल मात्र इंग्रजीत आला. ज्याच्यावर संशोधन झालं त्याच्या घरी ते पोचलं नाही, तर ती माणसं नुसती कच्चा माल ठरतात. हे मी चांगल्या अभ्यासकांनाही सांगू इच्छितो. तुमचं काम मोठं आहे म्हणूनच ते मराठीत आणि उर्दूत यायला हवं.

चांगली उदाहरणंही आहेत. पुण्याच्या येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात प्रोजेक्ट ३९-एशी जोडलेला 'फेअर ट्रायल प्रोग्रॅम' चालतो. तरुण वकील आणि समाजकार्याचे पदवीधर कच्च्या कैद्यांची प्रकरणं हाती घेतात, घरच्यांना शोधतात, जामिनाची कागदपत्रं जमवतात. मूळ गट आता हैदराबादच्या नाल्सार विधी विद्यापीठात 'द स्क्वेअर सर्कल क्लिनिक' या नावाने काम करतो. म्हणजे हे होऊ शकतं, आणि आपल्या राज्यातल्या तुरुंगातच होतं आहे.

'अहवालाने काय होणार?'

हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. मुलगा आत्ता आत आहे, आणि तुम्ही पाच वर्षांचा अभ्यास सांगता?

उत्तर असं की दोन्ही एकाच खोलीत होतं. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांतल्या चारपैकी तीन कैद्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ४७९ सांगतं की गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळायला हवा, आणि आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले कैदी यातून वगळले आहेत. मुदत भरली की कोर्टात अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. हे गणित निव्वळ तारखांचं आहे. अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा. माझ्यासारखा इंजिनिअर तो तक्ता एका संध्याकाळी बनवून देईल. पण तारखा आणून देणारा कायद्याचा विद्यार्थी हवा आणि अर्ज पुढे रेटणारा वकील हवा. त्या तक्त्यातून आज एक माणूस बाहेर येतो, आणि तोच तक्ता तीन वर्षं भरत गेला की उद्याचा अहवाल तयार होतो.

मग करायचं काय?

पदवी झालेल्या कुणालाही तीन वर्षांचा एलएलबी करता येतो. त्याची राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. आपल्या घरांत दर तिसरा मुलगा इंजिनिअरिंगला जातो, मीही गेलो. प्रत्येक वस्तीतून दरवर्षी दोन मुलं कायद्याकडे जाऊ द्या, त्यांत एक मुलगी असू द्या. जकातीच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशांतला वाटा त्यांच्या फीसाठी बाजूला काढा.

आपल्या शहरातल्या विधी महाविद्यालयात जा आणि मदत केंद्राचं रजिस्टर दाखवा म्हणून सांगा. गेल्या वर्षी किती माणसं आली, किती प्रकरणं पुढे गेली? पाच जणांनी जाऊन विचारलं तर कुलूप निघेल.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, सर्व महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येकाला १९८७च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. मशिदीच्या फलकावर, बचत गटाच्या बैठकीत, आंबेडकर जयंतीच्या मंडपात हे एक वाक्य लिहून लावा.

आणि सुटलेल्या माणसाचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्याच्याकडे जाऊन बसा. अटक कधी झाली, कोर्टात कधी उभं केलं, वकील कधी भेटला, जामीन किती वेळा नाकारला, कोणत्या कारणाने, ते त्याच्या शब्दांत, तारखांसह लिहून घ्या. त्याची परवानगी घेऊन ते नीट जपून ठेवा. शंभर माणसांच्या अशा शंभर वह्या एखाद्या विद्यापीठाच्या टेबलावर ठेवल्या, तर कुठल्याही प्राध्यापकाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही.